ताण पेलण्याची स्वतःची क्षमता कशी तपासावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, तासगाव आणि आसपासच्या गावांतील लोक समुपदेशनाच्या वेळी किंवा एखाद्या व्याख्यानानंतर बाजूला घेऊन जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण ते प्रश्न तसेच आहेत. काहींना दोन ओळी पुरल्या.

ताण पेलण्याची क्षमता म्हणजे सहनशक्तीच ना?

नाही, आणि बहुतेक गैरसमजांचे मूळ येथेच आहे. मराठीत सोसणे, पेलणे आणि सावरणे ही तीन वेगळी क्रियापदे आहेत, तरी बोलण्याच्या ओघात आपण ती एकाच अर्थाने वापरतो. वर्षानुवर्षे तक्रार न करता सोसणाऱ्या माणसाला आपल्याकडे घट्ट काळजाचा म्हणतात. परंतु त्याचा रक्तदाब वाढलेला असेल, घरात तो कोणाशी धड बोलत नसेल आणि रात्री अडीच वाजता फिरत्या पंख्याकडे बघत पडत असेल, तर त्याने ताण पेललेला नसतो; फक्त चारचौघांना दिसू दिलेला नसतो. मानसशास्त्र ज्याला मानसिक लवचीकता म्हणते, तिचा अर्थ सावरण्याच्या जवळ जाणारा आहे: धक्का बसल्यानंतर झोप, भूक, काम आणि माणसांशी वागणे पुन्हा रुळावर यायला किती काळ लागतो आणि तेवढ्या काळात आपण स्वतःचे व इतरांचे किती नुकसान करून घेतो. रडू येणे, घाबरणे किंवा दोन दिवस काम न सुचणे म्हणजे क्षमता कमी असणे नव्हे.

पण ही गोष्ट मोजता येते का?

काही प्रमाणात येते, मात्र आपण नेमके काय मोजतो आहोत हे आधी ठरवावे लागते. सांगलीकरांना यासाठी दूरचे उदाहरण नको. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर गेली की धोका, हे येथील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण पूर पाहिलेला माणूस केवळ पातळी विचारून थांबत नाही. कोयनेतून विसर्ग किती सुरू आहे, वारणेला पाणी किती आहे आणि पाणी तासाला किती इंचांनी चढते किंवा उतरते आहे, हेही तो विचारतो.

ताणाच्या बाबतीतही हेच तीन प्रश्न आहेत. वरून किती येते आहे, म्हणजे घरात, कामात, देण्याघेण्यात भार किती आहे. आत्ता पातळी किती आहे, म्हणजे ताण किती जाणवतो आहे. आणि चढलेले पाणी किती दिवसांत ओसरते. क्षमतेचा संबंध प्रामुख्याने तिसऱ्या प्रश्नाशी आहे. बहुतेक लोक पहिल्या दोनच प्रश्नांची उत्तरे शोधतात, आकडा मोठा आला की हबकतात आणि तिसऱ्या प्रश्नापर्यंत पोहोचतच नाहीत.

ताण आला की शरीरात काय होते? क्षमतेचा त्याच्याशी काय संबंध?

धोका जाणवला की मेंदू प्रथम ॲड्रेनलिनची आणि मागोमाग कॉर्टिसोलची यंत्रणा सुरू करतो. ही दोन्ही संप्रेरके मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून येतात. नाडी जलद होते, रक्तातील साखर वाढते, पचन मंदावते, हातापायांच्या स्नायूंना जादा रक्त मिळते. हान्स सेल्ये या संशोधकाने १९३६ साली या प्रतिक्रियेचे टप्पे मांडले. प्रथम शरीर सावध होते, मग तग धरते आणि ताण संपलाच नाही तर शेवटी थकून जाते. सावध होणे हा दोष नाही, ती सोय आहे. दोष निर्माण होतो तो यंत्रणा बंद होत नाही तेव्हा. बँकेचे पत्र सकाळी आले आणि रात्री जेवतानाही छातीतली धडधड तशीच राहिली, तर पत्र जड होते एवढेच त्यातून कळत नाही. आपली यंत्रणा उशिरा बंद होते, हेही कळते. ती आठवडेच्या आठवडे चालू राहिली की झोप, रक्तदाब, साखर आणि रोगप्रतिकारशक्ती या सर्वांवर त्याचा भार पडतो.

यासाठी मान्य प्रश्नावल्या कोणत्या आहेत?

तीन नावे माहीत असावीत. पहिली पर्सिव्हड स्ट्रेस स्केल, जी शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली प्रसिद्ध केली. तिच्यात मुळात १४ प्रश्न होते, आज १० प्रश्नांची आवृत्ती जास्त वापरली जाते. गेल्या महिनाभरात गोष्टी हाताबाहेर गेल्यासारखे किती वेळा वाटले, अशा स्वरूपाचे प्रश्न त्यात असतात, प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण मिळतात आणि एकूण गुण ० ते ४० या दरम्यान येतात. ही प्रश्नावली पातळी सांगते, क्षमता नव्हे. शिवाय ती आजाराचे निदान करण्यासाठी तयार केलेली नाही, म्हणून अमुक गुणांच्या वर गेलात की आजारी, अशी रेघ तिच्यात नाही.

दुसरी कॉनर आणि डेव्हिडसन यांची, २००३ सालची. तिच्यात २५ विधाने आणि १०० पर्यंत गुण असतात, आणि ती वापरण्यासाठी कर्त्यांची परवानगी लागते. या प्रश्नावलीत मनाचा ठामपणा, श्रद्धा, विनोदबुद्धी, जिव्हाळ्याची नाती अशा, सावरायला मदत करणाऱ्या गुणांची चौकशी असते. तिसरी ब्रीफ रेझिलियन्स स्केल, २००८ साली ब्रूस स्मिथ आणि सहकाऱ्यांनी मांडलेली. ती अवघ्या सहा विधानांची आहे आणि सरळ मुद्द्यावर येते: अडचणीनंतर आपण लवकर सावरता का. माझ्या मते घरी स्वतःची चाचपणी करायची असेल तर हीच सर्वांत उपयोगी.

एक सावधगिरी. मोबाइलवर फिरणारी मराठी भाषांतरे तपासून घ्यावीत. मी पाहिलेल्या एका प्रतीत सावरण्याऐवजी "उसळी मारून परत येणे" असा शब्दप्रयोग होता, आणि ती भरणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी "या वयात उसळी कसली मारणार?" म्हणून सगळीकडे सर्वांत कमी गुण दिले होते.

मी प्रश्नावली भरली, पण गुण फार कमी आले. माझे काही चुकले असेल का?

उलट्या विधानांची बेरीज तशीच केली असण्याची शक्यता मोठी आहे. सहा विधानांच्या प्रश्नावलीत तीन विधाने सरळ असतात आणि तीन उलटी, म्हणजे "मला सावरायला फार वेळ लागतो" या धाटणीची. प्रत्येकाला १ ते ५ गुण असतात. उलट्या विधानांचे गुण मात्र फिरवून घ्यायचे असतात: १ चे ५, २ चे ४, ३ चे ३ आणि पुढे तसेच.

समजा, आपली उत्तरे क्रमाने ४, २, ३, २, ४, ३ अशी आली आणि दुसरे, चौथे, सहावे विधान उलटे आहे. तशीच बेरीज केली तर १८ येते, सहाने भागल्यावर सरासरी ३.००. गुण फिरवून घेतले तर बेरीज २२ आणि सरासरी ३.६७ होते. सर्वसाधारणपणे ३ च्या खालची सरासरी कमी, ३.०० ते ४.३० मध्यम आणि त्यावरची जास्त मानतात. माणूस तोच आणि उत्तरेही तीच, पण बेरजेच्या चुकीमुळे तो मध्यम पट्ट्याच्या पार काठावर येऊन बसतो. दहा प्रश्नांच्या ताणाच्या प्रश्नावलीतही चार प्रश्न असे उलटे आहेत.

आयुष्यातील घटनांना गुण देऊन ताण काढायची एक यादी असते. ती वापरावी का?

ती होम्स आणि राहे या अमेरिकी डॉक्टरांची १९६७ सालची ४३ घटनांची यादी. जोडीदाराच्या मृत्यूला १०० गुण, घटस्फोटाला ७३, लग्नाला ५०. आनंदाच्या घटनेचाही भार असतो हे तिने लोकांना प्रथम समजावले, आणि मुलीचे लग्न नुकतेच पार पाडलेल्या कोणालाही ते पटेल. पण यादीत नाताळच्या सणाला गुण आहेत आणि अवकाळी पावसाला नाहीत, यावरून ती कोणत्या मातीतली आहे ते कळते. भारतीय लोकांसाठी १९८४ साली ५१ घटनांची वेगळी यादी तयार झाली आणि ती आपल्याला जवळची वाटते. तरीही कोणतीही यादी फक्त वरून किती पाणी येते आहे तेवढेच सांगते. घर किती उंचावर आहे हे ती सांगत नाही.

प्रश्नावलीच्या भानगडीत न पडता घरच्या घरी तपासता येईल का?

येते, आणि माझा कल याच पद्धतीकडे आहे. चौदा दिवस एक साधी वही ठेवावी. रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटांत त्या दिवसातील सर्वांत त्रासदायक प्रसंग, तो कधी घडला, मन आणि शरीर पूर्ववत व्हायला किती वेळ लागला, त्या दरम्यान आपण काय केले, कोणाशी बोललो आणि आदल्या रात्री झोप किती झाली, एवढेच लिहावे. भावना शब्दांत पकडण्याचा अट्टहास करू नये. वेळा लिहिल्या तरी पुरे.

मार्केट यार्डातील हळदीच्या एका अडत दुकानात काम करणाऱ्या गृहस्थांनी त्यांच्या वहीचे पान मला वाचून दाखवले होते. दुकानाच्या जमाखर्चाला शोभेल अशाच भाषेत ते होते: "सौद्यात दर पडला. शेतकरी माझ्यावरच चिडला. १ वाजता हमालाला विनाकारण बोललो. ६ पर्यंत डोके जड. चहा चार. घरी नातीला सायकलवरून फिरवले, मग बरे. झोप साडेपाच तास." अशी चौदा पाने झाल्यावर त्यांना स्वतःलाच दोन गोष्टी दिसल्या. सहा तासांपेक्षा कमी झोप झालेल्या प्रत्येक दिवशी त्यांना सावरायला संध्याकाळ उजाडत होती, आणि नातीबरोबरची अर्धी तासाची फेरी चुकली त्या दिवशी तर रात्रीपर्यंत डोके उतरतच नव्हते. आपली क्षमता कमी आहे असे समजून ते आले होते; प्रत्यक्षात झोप कमी होती आणि चहा जास्त.

वही वाचताना तीन गोष्टी शोधाव्यात. सारख्याच आकाराच्या प्रसंगांतून सावरायला लागणारा वेळ वाढतो आहे की कमी होतो आहे. सावरण्यासाठी आपण एकाच उपायावर विसंबून आहोत का, कारण तो एक उपाय हातून गेला की सगळेच जाते. आणि ज्या दिवशी कोणाशीही बोलणे झाले नाही, ते दिवस कसे गेले.

क्षमता एकट्या माणसाची असते की घराचीही?

दोन्ही, आणि आपल्या भागात घराची जास्त. द्राक्षबागेची छाटणी कधी घ्यायची, कर्ज किती काढायचे, मुलाला पुण्याला ठेवायचे की नाही, हे निर्णय एकट्याचे नसतात. मग त्यांचा ताण एकट्याच्या प्रश्नावलीत कसा मावेल? म्हणून माणसांचा हिशेबही मांडावा. रात्री अकरा वाजता संकोच न करता फोन करता येईल अशी माणसे किती? त्यांपैकी घराबाहेरची किती? आठ दिवस आजारी पडलो तर धारा कोण काढेल, दुकान कोण उघडेल? उत्पन्न थांबले तर किती महिने निभेल, आणि भिशीतून किंवा सोसायटीतून उचल मिळण्याची सोय आहे का? हे प्रश्न मानसशास्त्राचे वाटत नाहीत, पण रात्रीच्या झोपेशी त्यांचा थेट संबंध असतो.

याच हिशेबात घरातील बाईची गणना बहुधा राहून जाते. सर्वांना सावरणारी ती, असे म्हणून आपण मोकळे होतो आणि तिला कोण सावरते हा रकाना कोराच ठेवतो. सासू-सासऱ्यांचे आजारपण काढणाऱ्या स्त्रीने वही लिहिली, तर "मन पूर्ववत व्हायला किती वेळ लागला" या प्रश्नापुढे ती पुष्कळदा "वेळच मिळाला नाही" असे लिहिते. ते उत्तर गंभीरपणे घ्यावे.

ही क्षमता जन्मतःच असते का? आमच्या घराण्यात सगळेच घाबरट आहेत.

स्वभावाचा काही भाग उपजत असतो, हे खरे. पण हवाई बेटांपैकी काउआई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा त्यांच्या चाळिशीपर्यंत मागोवा घेण्यात आला, आणि त्यातून दुसरी बाजू पुढे आली. एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या अभ्यासात गरिबी, घरातील भांडणे, आईवडिलांचे आजार अशा अनेक अडचणी एकत्र वाट्याला आलेली जी मुले होती, त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले कर्तबगार आणि समंजस प्रौढ झाली. त्यांच्यात वारंवार आढळलेली एक गोष्ट म्हणजे निदान एका विश्वासाच्या मोठ्या माणसाचा आधार: आजी, मावशी, शिक्षक, शेजारी. घराण्याचा घाबरटपणा खरा मानला, तरी त्या घराण्यात एखादी आजीही असतेच.

स्मार्टवॉच ताणाचा आकडा दाखवते. त्यावर विश्वास ठेवावा का?

ते घड्याळ मुख्यतः हृदयाच्या दोन ठोक्यांमधील अंतर किती बदलते यावरून अंदाज बांधते. ताप, अपुरी झोप, दारू, कडक चहा, इतकेच काय जिना चढणे, या सर्वांनी तो आकडा हलतो. एकेका आकड्याकडे दुर्लक्ष करावे आणि महिनाभराचा कल पाहावा.

रक्तातील कॉर्टिसोल तपासून घेतले तर कळेल का?

नाही. कॉर्टिसोल सकाळी उठल्यावर सर्वाधिक आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते, त्यामुळे एका वेळच्या नमुन्यावरून सावरण्याची क्षमता समजत नाही. ही तपासणी अधिवृक्क ग्रंथींच्या आजारांसाठी डॉक्टर सांगतात तेव्हा करावी. मात्र सतत थकवा आणि निरुत्साह असेल तर थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि साखर जरूर तपासून घ्यावी. कमतरता शरीराची असते आणि आपण मनाला बोल लावत बसतो, असे पुष्कळदा घडते.

२०१९ च्या महापुरानंतर पाऊस वाढला की छातीत धडधडते. माझी क्षमता संपली आहे का?

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले, आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा घरांत शिरले. ज्यांनी भिंतीवरचा चिखलाचा पट्टा स्वतःच्या हाताने खरवडला आहे, त्यांच्या शरीराने पत्र्यावरच्या पावसाचा आवाज लक्षात ठेवला, यात नवल नाही. ही आठवण उपयोगाची असते. गावभागात राहणाऱ्या एक आजी दरवर्षी जूनमध्ये रेशनकार्ड, घराचे उतारे, नातवंडांच्या गुणपत्रिका आणि औषधांची चिठ्ठी जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालतात, पिशवीचे तोंड सुतळीने दोनदा बांधतात आणि ती माळ्यावर ठेवून मगच भाजी निवडायला बसतात. घरातले त्यांना हसतात. मला विचाराल तर त्या घरातील सर्वांत सावरलेली व्यक्ती त्याच आहेत, कारण भीतीचे त्यांनी पाऊण तासाचे काम करून टाकले आहे.

तपासायचे आहे ते एवढेच की पातळी उतरली की आपली धडधडही उतरते का. पाणी २० फुटांखाली गेल्यावरही दिवसभर मोबाइलवर विसर्गाचे आकडे बघितले जात असतील, पावसाच्या दिवसांत मुलांना शाळेत सोडवत नसेल, पुराची स्वप्ने पडून दचकून जाग येत असेल, नदीकाठचा रस्ताच टाळला जात असेल आणि हे महिन्याहून अधिक काळ चालले असेल, तर तो क्षमतेचा प्रश्न राहत नाही. आघातानंतर जडणारा तो ओळखीचा आजार आहे, त्यावर उपचार आहेत आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जाणे योग्य ठरते.

बागेवर संकट आहे, डोक्यावर कर्ज आहे. ताण खराच असेल तर क्षमता तपासून काय मिळणार?

प्रश्न रास्त आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात असताना पाऊस लागला की दावण्या आणि गळकूज या द्राक्षावरील रोगांची भीती काल्पनिक नसते, आणि श्वासाचे व्यायाम केल्याने घड वाचत नाहीत. जे लोक शेतकऱ्याला नुसते "सकारात्मक राहा" म्हणतात, त्यांच्याबद्दल मला फारसा आदर नाही.

लाझारस आणि फोकमन या अभ्यासकांनी १९८४ साली मांडलेला भेद मात्र येथे कामाला येतो. काही प्रयत्न अडचणच बदलण्यासाठी असतात आणि काही अडचणीमुळे झालेली मनाची अवस्था हाताळण्यासाठी. फवारणी, पीक विम्याची तक्रार वेळेत नोंदवणे, कर्जाच्या पुनर्गठनासाठी बँकेत जाणे हे पहिल्या प्रकारचे. रात्री तीन वाजता अंगणात उभे राहून ढगांकडे बघणे कोणत्याच प्रकारात बसत नाही, आणि तासगाव भागातील बागायतदार हसत हसत कबूल करतात की बघितल्याने ढग हलत नाहीत. स्वतःची तपासणी करताना वहीतील प्रत्येक प्रसंगापुढे लिहावे: हे बदलता येण्यासारखे होते का, आणि मी काय केले? बदलता येण्यासारख्या गोष्टीपुढे "विचार करत बसलो" आणि न बदलण्यासारख्या गोष्टीपुढे "धडपडत राहिलो" असे वारंवार येत असेल, तर कमतरता बळाची नसून बळ कोठे लावायचे याची आहे, आणि ती भरून निघते.

माझे गुण उत्तम आले, मला कशाचाच ताण येत नाही. मग तपासणी संपली का?

एक प्रत पत्नीला किंवा पतीला द्यावी आणि त्यांनी ती आपल्याविषयी भरावी. दोन प्रतींतील अंतर पुष्कळदा मूळ गुणांपेक्षा अधिक सांगून जाते. तसेच मावा, तंबाखू, सिगारेट आणि संध्याकाळची बाटली यांचे प्रमाण गेल्या वर्षापेक्षा वाढले आहे का, हेही पाहावे. ताण येत नाही म्हणणाऱ्या माणसाचा ताण पानपट्टीच्या उधारीच्या वहीत नोंदलेला असतो.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी वेगळे काय पाहावे?

निकालाच्या दिवशीच्या दुःखावरून क्षमता ठरवू नये. निकालानंतर अभ्यासिकेत किंवा दुसऱ्या एखाद्या कामात मन लागायला किती दिवस गेले, प्रत्येक प्रयत्नानंतर ते दिवस वाढत आहेत का, आणि परीक्षेशी संबंध नसलेला एक तरी मित्र शिल्लक आहे का, हे पाहावे. कितवा प्रयत्न शेवटचा, हे कागदावर लिहून घरच्यांना सांगितलेले असेल तर मनावरचा बराच भार कमी होतो.

डॉक्टरांकडे कधी जावे?

छातीत दुखणे, दम लागणे किंवा डाव्या हातात कळ येणे याला टेन्शन किंवा गॅस म्हणून घरी बसू नये. तातडीने ईसीजी काढून घ्यावा आणि हृदय ठीक असल्याचे कळल्यावर मग मनाचा विचार करावा. उदासी, कशातच रस न वाटणे, झोप व भूक बिघडणे हे बहुतेक दिवस दोन आठवडे राहिले, तर प्रश्नावल्या आणि वह्या बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटावे. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. ओळखीचे कोणी बघेल या संकोचाने लोक महिने घालवतात, म्हणून फोनचा मार्गही सांगतो: केंद्र सरकारची टेलिमानस ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते.

जगणे नको वाटणे किंवा जीव देण्याचे विचार येणे ही वाट पाहण्याची गोष्ट नाही. त्याच दिवशी घरातील विश्वासाच्या माणसाला सांगावे, वरील क्रमांकावर फोन करावा, एकटे राहू नये, आणि फवारणीची औषधे घरातून हलवून दुसऱ्याच्या ताब्यात कुलपात ठेवावीत. पोलिस केस होईल या भीतीने कुटुंबे अशी गोष्ट दडवतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार, तसा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते, उलट सिद्ध झाल्याखेरीज तिला शिक्षा करता येत नाही, आणि तिची काळजी घेणे, उपचार व पुनर्वसन करणे हे सरकारचे कर्तव्य ठरवलेले आहे.

ही तपासणी किती दिवसांनी पुन्हा करावी?

दर आठवड्याला करू नये. तराजूवर रोज उभे राहिल्यासारखे होते. सहा महिन्यांतून एकदा पुरते, आणि एखाद्या मोठ्या प्रसंगानंतर साधारण तीन महिन्यांनी आणखी एकदा. तुलना मात्र सारख्या काळाची करावी. शेतकऱ्याने छाटणीच्या दिवसांतील वही पुढच्या वर्षीच्या छाटणीच्या दिवसांतील वहीशी ताडून पाहावी, व्यापाऱ्याने मार्चअखेरची पुढच्या मार्चअखेरशी आणि नदीकाठच्या माणसाने जुलै-ऑगस्टमधील पुढच्या जुलै-ऑगस्टशी. बागेचा माल गेल्यावर आणि पैसे हातात आल्यावर भरलेल्या प्रश्नावलीत सगळेच लवचीक असतात.